मागून दुसरी दाढ

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेन्सिलीचं टोक फिरवत म्हणाल्या, "हे बघा, प्रत्येक दुधाच्या दाताखाली पक्का दात तयार बसलाय."

खरंच बसले होते. रांगेतल्या पोरांसारखे, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत.

"आणि इथं," पेन्सिल मागे सरकली, "खालची मागून दुसरी दाढ. दोन्ही बाजूंची. यांच्याखाली कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे? उशिरा येईल?" आईनं विचारलं.

"येणार नाही. तयारच झालेली नाही."

जिच्याबद्दल हे चाललं होतं ती आठ वर्षांची भिंगरी डॉक्टरीणबाईंच्या फिरत्या स्टुलावर गरगर फिरत होती. एका जागी टिकत नाही म्हणून तर ते नाव पडलं होतं.

"घाबरू नका हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बऱ्याच मुलांत दिसतं. माणसाचा जबडा हजारो वर्षं आखूडच होत चाललाय. तुमची लेक जरा पुढं गेली म्हणा!" आणि हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "मात्र या दोन दुधाच्या दाढा जपा. जितक्या टिकतील तितक्या."

"किती टिकतील?"

"ते नाही सांगता येत."

पुढं गेली. पुढं म्हणजे कुठं? घरी येईपर्यंत आईच्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. पदवीला तिनं प्राणिशास्त्र घेतलं होतं. उत्क्रांतीवरचं दहा मार्कांचं उत्तर तिला तोंडपाठ होतं. त्यात मासे होते, माकडं होती, लाखो वर्षं होती. गुडघा खरचटलेली, मोजे घसरलेली आठ वर्षांची मुलगी नव्हती. आणि दात तरी एक्स-रेत दिसले. जे दिसत नाही असं आणखी काय काय तयार व्हायचं राहून गेलं असेल? जिना चढताना ती लेकीचा श्वास ऐकू लागली. नखं कापताना करंगळीचं नख जरा जास्तच वेळ धरून ठेवू लागली.

स्वयंपाकघरात सगळं मऊ झालं. जे उकडता येईल ते उकडलं, जे कुस्करता येईल ते कुस्करलं. चौथ्या दिवशी नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "घरात नक्की कोण आजारी आहे ते एकदा सांग. मला वाटतं मीच आहे आणि तुम्ही लपवताय."

भिंगरीला तिनं कारण सांगितलं नव्हतं. "त्या दोन दाढांना हात लावायचा नाही," एवढंच. झालं! ज्या दाढा तोंडात आहेत हेही पोरीला ठाऊक नव्हतं, तिथं आता तिची जीभ दिवसभर मुक्कामाला. वर्गात कुणाचे किती पडले याची चढाओढ होती. भिंगरीचे सहा पडले होते.

"या दोन धरून आठ होतील," ती खुशीत म्हणाली. "मग मीच पहिली."



मग सुरू झाला तपास. हे आलं कुणाकडून? पहिला सापडला नवरा. खिडकीपाशी उभं करून तिनं त्याच्या तोंडात टॉर्च मारला, बोट लावून लावून मोजलं. बत्तीसच्या बत्तीस.

"आमच्याकडे काही कमी नसतं," तोंड मिटत तो म्हणाला. "अक्कलदाढासुद्धा चारही आहेत. तू उगाच शंका घेतेस."

उरले सासरे. त्यांचं कामच दातांचं. डॉक्टर लोक रुग्णांच्या तोंडाचे ठसे पाठवत आणि हे तळमजल्याच्या खोलीत बसून कवळ्या घडवत. चाळीस वर्षं झाली. खोलीत प्लॅस्टरची भुकटी, वितळलेल्या मेणाचा वास, आणि भिंतभर फळ्यांवर पांढरे जबडे, कुणाचे कुणाचे, सगळे आ वासून. भिंगरीचा हात धरून ती खाली गेली तेव्हा ते गुलाबी मेणात एकेक दात बसवत होते.

"बाबा, तुमच्या आईचे दात कसे होते? आजीचे? कुणाची दाढ आलीच नाही असं कधी ऐकलंत?"

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सूनबाई, गुन्हेगार शोधतेयस होय?"

"तसं नाही हो."

"तसंच आहे. आमचं घराणं सुटलं. माझ्या आजीनं सत्तरीत अक्रोड फोडलेत, दातांनी." त्यांनी हातातली मेणाची सुरी खाली ठेवली. "पण एक सांगू? पूर्वी ज्याला चावता येत नव्हतं तो मागं पडायचा. निसर्गाचा हिशेब सरळ. आता तो ज्याला नापास करतो, त्याला मी वरच्या वर्गात ढकलतो. मग उणं असलेलेही जगतात, त्यांना पोरं होतात. पुढं माणसाला दात राहतील की नाही, देव जाणे. माझा धंदा मात्र बुडत नाही!"

तिला हसू आलं नाही. "आणि दातांपाशीच थांबेल का हे सगळं, बाबा?"

त्यांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. मग एकदम म्हणाले, "तू तोंड उघड बघू."

"माझे सगळे आहेत."

"आहेत ना? मग दाखवायला काय जातं?"

ती स्टुलावर बसली. त्यांनी लांब दांडीचा छोटा आरसा आत घातला. उजवीकडून डावीकडे गेले. डावीकडे थांबले. पुन्हा पाहिलं, बोटानं चाचपलं. चाळीस वर्षं दात हाताळलेलं बोट.

"ही रुंद आहे. शेजारणींपेक्षा बुटकी. झिजलेलीही जास्त." त्यांनी आरसा बाहेर काढला. "सूनबाई, ही दुधाची दाढ आहे. तुझी पक्की खालून आलीच नाही."

तेहतीस वर्षं! तेहतीस वर्षं ती त्या दाढेनं ऊस सोडून सगळं चावत आली होती आणि तिला पत्ता नव्हता. आधी वाटलं, हुश्श. टिकते तर! मग लगेच, म्हणजे माझ्याकडूनच गेलं. माझी एक, तिच्या दोन. तिच्या पोरांच्या?

"बघू, बघू!" भिंगरीनं आजोबांच्या हातातून आरसा ओढला आणि आईच्या तोंडात डोकावली. "मग ही पडली की आईला नवीन येणार?"

आजोबांनी तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. "नाही. हिच्याखाली काही नाही. तुझ्या त्या दोघींच्या खालीही नाही."

भिंगरीचा गाल आतून हलला. जीभ तिथं गेली असणार. मग गाल हलायचा थांबला.

"मग पाडायच्या नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

दुपारी जेवताना नवऱ्यानं आपल्यापुरती कच्ची गाजरं कापून घेतली होती. आईनं न बघताच एक तुकडा तोंडात टाकला आणि थबकली. समोर भिंगरी हातातला घास तसाच धरून तिच्या जबड्याकडे बघत होती. डोळे बारीक, कपाळाला आठी.

"आई, त्या बाजूनं नको," ती हळूच म्हणाली. "पडेल."

नवरा हसला. "आता दोन पहारेकरी झाले घरात."

आईनं तुकडा उजवीकडे सरकवला. लगेच भिंगरीनंही आपला घास तोंडात घातला आणि पुढच्या दातांनीच कुरतडू लागली, दोन्ही दाढा वाचवत, सशासारखी, खांदे आखडून. एका जागी न टिकणारी पोर मघापासून हललीसुद्धा नव्हती.

आई बघत राहिली. मग तिनं गाजराचा तुकडा जिभेनं परत डावीकडे आणला. त्याच दाढेखाली. लेक टक लावून बघत होती. काही मोडल्याचा, काही सुटल्याचा आवाज येतो का म्हणून कान आत लावून तिनं चावलं.

कुडुम.

"दुखलं?" भिंगरीनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि पुन्हा चावलं.