सुतकात झाकलेला टीव्ही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. भिंतीला चिकटणारा सडपातळ नव्हे. चांगला पाठीला कुबड असलेला, दोघांनी मिळून उचलावा लागणारा. कोल्हापुरात पिराजी नावाच्या फौंड्री कामगाराच्या घरी माझा जन्म गेला. आता त्याच घराच्या जिन्याखाली पडून आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तरी एक माणूस पाठीमागं येऊन उभा आहे असं मला सारखं वाटतं. का वाटतं ते सांगतो.

दसऱ्याला मला घरी आणलं. झेंडूचा हार घातला. पिराजींच्या बायकोनं, चिमणाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. काय थाट होता माझा तेव्हा. मालिका दाखवल्या, क्रिकेट दाखवलं, पण पिराजींना वेड होतं ते इतिहासाच्या माहितीपटांचं. बुडालेली जहाजं, मातीखालची शहरं, थडग्यातले राजे. निवेदक हिंदीत बोलायचा आणि त्याच्यावर आवाज चढवून पिराजी कोल्हापुरीत.

"अगं ए, बघ की. मेलेल्या राजासंगं नोकर बी पुरलं हुतं. नोकरांनी काय घोडं मारलं हुतं?"

"अगं ए" म्हणजे चिमणाबाई. लग्न झाल्यापासून पिराजींनी त्यांना नावानं हाक मारली नव्हती. त्यांच्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. बाई कधी चेष्टेनं म्हणायच्या, "मलाबी नाव हाय म्हटलं." पिराजी हसायचे आणि पुन्हा "अगं ए" सुरू.

त्यांची एक कुरकुर मात्र कायमची होती. "जगाचं सगळं दाखवत्यात. आमच्या साठमारीचं कोण दाखवणार?" साठमारी म्हणजे मस्तीला आलेल्या हत्तीपुढं मैदानात माणसांनी धावायचं, हुलकावणी द्यायची, संस्थानच्या काळातला खेळ. पिराजींचे वडील त्या हत्तींचे माहूत होते.

आणि महापुराच्या वर्षी, पाणी यायच्या थोडं आधी, इथल्याच एका छोट्या केबल चॅनलनं साठमारीवर माहितीपट केला. पिराजींना मैदानात नेऊन बोलतं केलं. त्या दिवशी ते नवऱ्या मुलासारखे मिरवत घरी आले.

"तुझं नाव घेतलंय त्यात," ते म्हणाले.

चिमणाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "माझं? काय म्हणालासा?"

"टीव्हीवरच ऐक की. आत्ताच सांगितलं तर मजा काय ऱ्हायली?"

त्याच आठवड्यात पिराजी झोपेत गेले.

आक्का आल्या, पिराजींच्या थोरल्या बहीण. त्यांनी माझा प्लग काढला आणि माझ्यावर टॉवेल टाकला. सुतकात टीव्ही लावत नाहीत. आमच्या गल्लीत तर एका घरात माणूस गेलं की शेजारपाजारचेही टीव्ही बंद राहतात. ही रीत चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण माहितीपट लागायचा होता तो नेमका त्या दिवसांत.

त्या संध्याकाळी चिमणाबाई हळूच म्हणाल्या, "आक्का, आज त्यांचं लागणार हाय. आवाज बारीक करून लावूया?"

"दिवस बी न्हाय झालं आनी टीव्ही लावतीस? लोकं काय म्हणतील?"

"त्यांचंच हाय पर."

"परत लावत्यात की. मग बघ पोटभर."

आक्का वाईट नव्हत्या. त्यांचाही भाऊ गेला होता.

वेळ झाली. केबल माझ्या पाठीत खोचलेलीच होती. त्या वायरीतून पिराजी आले, मित्रांनो. अगदी दारापर्यंत आले. आत चिमणाबाई टॉवेलाकडं बघत बसलेल्या, बाहेर ते बोलत उभे, आणि मध्ये मी, आंधळा आणि मुका. काय वाटलं असेल मला? बाईंचं नाव माझ्या पाठीपर्यंत येऊन परत गेलं. अख्ख्या गल्लीत कुणी ते ऐकलं नाही.

माहितीपट पुन्हा लागला नाही. महापुराचं पाणी त्या चॅनलच्या ऑफिसात शिरलं आणि सगळं साठवलेलं चिखलात गेलं. मुलगा अमरसिंह हेलपाटे घालून थकला.

पुढं घरात नवा टीव्ही आला आणि मी जिन्याखाली गेलो. माझी वायर कापून टाकलीय. तरी दिवेलागणीला पाठ गरम होते, कुणीतरी घसा खाकरतंय असं वाटतं. तशा वेळी चिमणाबाई येतात, टॉवेल बाजूला करतात आणि काचेवर हात ठेवतात. "काय म्हणालासा हो?" एवढंच विचारतात. जगातले इतके मेलेले राजे मी बोलते केले आणि घरातला हा एक माणूस मला बोलता करता आला नाही. फार भीती वाटते मला त्या हाताची.

परवा मला न्यायला कागलहून एक भंगारवाला आला. मला ओढता ओढता त्याची नजर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोवर गेली.

"ह्यास्नी बघितलंय की मी. टीव्हीवर. हत्तीचं सांगत हुते."

चिमणाबाईंनी दाराची चौकट धरली. "पावणं, त्यात एका बाईचं नाव घेतलं हुतं?"

"व्हय की. चांगलं ध्यानात हाय. माझ्या आईचंबी तेच नाव. ते ऐकून आम्ही सगळी आईकडं बघून हसत सुटलो. फुडं काय म्हणाले ते त्या हसण्यात गेलं बघा, मावशी."

"मग नाव तेवढं म्हणून दाखवा. त्यांनी घेतलं तसं."

तो अवघडला. "आईचं नाव तोंडानं कसं घेऊ?"

"एकदा घ्या."

त्यानं मला खाली ठेवलं. मान खाली घातली. "आमची चिमणा," तो म्हणाला.

चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "परत म्हणा."

मित्रांनो, त्या दिवशी मला न्यायचं राहूनच गेलं. माझी धूळ पुसा नाहीतर पुसू नका, तो तुमचा प्रश्न. पण घरातल्या माणसाचं नाव घ्यायचं असेल तर त्याच्या तोंडावर घ्या, आज घ्या. आमच्या भरवशावर ठेवू नका.