मुठीत शिरणारी सुई

"पाहा लोकहो, पाहा! सैतानानं जिथं हात लावला, तिथं सुई टोचली तरी रक्त येत नाही!"

लोर्नाबाईंनी लांबलचक सुई एफीच्या दंडात मुठीपर्यंत खुपसली. वर्ग श्वास रोखून बघत होता. रक्ताचा टिपूसही नाही!

"चेटकीण! जाळा तिला!" बाकं बडवत पोरं ओरडली. तीनशे वर्षांपूर्वी त्यांच्याच गावात, किलड्रोन बंदराच्या धक्क्यावर, अशाच आरोळ्या उठल्या होत्या आणि एका विधवेला जाळलं होतं.

बाईंनी सुई टेबलावर दाबली. ती लाकडी मुठीत गडप झाली.

"हात्तिच्या! बाई, ही तर चक्क लबाडी!"

"आणि सुई टोचणाऱ्या त्या लबाडाला पकडलेल्या दर चेटकिणीमागे बिदागी मिळायची. आता कल्पना करून लिहा, त्या दिवशी धक्क्यावर तुम्ही कोण होतात?"

पोरं भलतीच शूर निघाली. जो तो विधवेला सोडवत होता. एफीचा कागद बाईंनी शेवटी घेतला.

"मी तिची मुलगी. माझ्या आईला कोणी सुई टोचली नाही. तीन महिन्यांपूर्वी मासेमारीची 'मारियन' बोट निघाली त्या सकाळी आई धक्क्यावर 'डुक्कर' म्हणाली. बोट निघताना तो शब्द अशुभ. सगळ्यांनी दोष जावा म्हणून लोखंडाला हात लावला, पण बोट परत आली नाही. तेव्हापासून आई बेकरीत शिरली की बायका बाहेर पडतात. आमच्या बाईपण. उद्या आठच्या बसनं आम्ही गाव सोडणार. सुईची लबाडी बाईंनी दाखवली. ही कोण दाखवणार?"

बाईंना रडू आवरेना. 'मारियन'वर त्यांचा धाकटा भाऊ आर्ची होता. बोट निघण्याच्या आदल्या दिवशी जेवताना तो म्हणाला होता, "ताई, बोटीतलं पाणी उपसायचा पंप पुन्हा बंद पडलाय. असू दे, एवढी खेप मारतो." त्यांनी त्याला अडवलं नव्हतं, आणि नंतर हे कोणाजवळ बोलल्याही नव्हत्या. त्यापेक्षा एफीच्या आईला, बेथियाला, दोष देणं किती सोपं गेलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी बसथांब्यावर बायकांचा घोळका होता, बेथियापासून चार हात लांब. बाई धापा टाकत आल्या.

"ऐका गं सगळ्या! डुक्कर म्हटल्यानं बोट बुडत नाही. पंप बिघडला होता. आर्चीनं मला सांगितलं होतं, आणि मी गप्प बसले. बेथिया, जाऊ नकोस."

"हे तीन महिन्यांपूर्वी सांगायचं होतंत, बाई," बेथिया म्हणाली. एफीचा हात धरून ती बसमध्ये चढली. एफीनं खिडकीतून वळून पाहिलं नाही.

बस गेली. बाईंच्या तोंडून 'डुक्कर' हा शब्द कानावर पडल्यापासून म्हातारी मेग थांब्याचा लोखंडी खांब घट्ट धरून उभी होती. बाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली.

"सोड हा खांब, मेग," त्या हुंदके देत म्हणाल्या. "माझा भाऊ गेला तो पंपामुळे. आता तरी बोट सोडताना पंप बघा गं, बायकांची तोंडं बघू नका."