पालखीआधीचे फोटो

पाडव्याच्या स्वागतयात्रेची रांगोळी मी दर वर्षी काढते. ठाकुर्लीच्या आमच्या चौकात पहाटे रस्ता झाडून, पाणी मारून, पाच बोटांतून रंग सोडत बसायचं आणि मग पालखी तिच्यावरूनच पुढे जाऊ द्यायची. रांगोळीचा तो मानच आहे. त्यामुळे नंतर उरतो फक्त फोटो. तो ‘आमच्या मंडळाची रांगोळी’ म्हणून गावभर फिरतो आणि कंबर मात्र आठवडाभर माझी दुखते.

यंदा समितीने कळवलं की पुढच्या वर्षी डोंबिवलीतल्या मुख्य चौकाची मोठी रांगोळी कुणातरी एकाच व्यक्तीला द्यायची आहे. यंदाच्या रांगोळीचा फोटो पाडव्याच्या संध्याकाळपर्यंत ईमेल करायचा. मला ती रांगोळी हवी होती. उगाच नम्रपणा कशाला दाखवू, ती माझ्याच हातची व्हायला पाहिजे असं मला वाटत होतं.

फोटो काढले होते आमच्या साईनाथरावांनी, त्यांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर. मोबाईल ही फोटो काढायची वस्तू आहे हे माझ्या नवऱ्याला अजून मान्य नाही. “मी आहे ना,” म्हणत त्यांनी चौकातल्या पोरींना बाजूला केलं होतं. पालखी आल्यावर पोरींचे मोबाईल तिकडे वळले आणि रांगोळी पायांखाली गेली.

दुपारी जेवून ते लॅपटॉपसमोर बसले. कॅमेरा उघडला तर आत कार्डच नाही. आदल्या दिवशी आमच्या नातीचे, सान्वीचे फोटो उतरवताना ते लॅपटॉपमध्येच राहून गेलेलं. त्यात सान्वी भरपूर होती. रांगोळीचा एक ठिपका नव्हता.

“अगं, मी रिकामाच कॅमेरा घेऊन गेलेलो,” ते म्हणाले. चेहरा इतका उतरला होता की मला ओरडताही येईना. एरवी मी सोडलं नसतं.

मुलाला, मुकुलला, फोन लावला. तो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. “मोबाईलवर काढायचे ना बाबांनी. आता गेले ते. आई, तू कशाला हात लावू नकोस हां, मी आलो की बघतो.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तू ये सावकाश,” म्हणून मी फोन ठेवला.

मग जरा डोकं चालवलं. सकाळी ह्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला रांगोळी दाखवली होती. दाखवली म्हणजे कॅमेऱ्याने ती कुठेतरी ठेवली असणार. कार्ड नव्हतं, तर त्याच्या पोटातच.

“अहो, कार्ड न घालताच चालू करा बघू.”

केला. पडद्यावर रांगोळी आली आणि आमच्या दोघांच्या जिवात जीव आला. आता हवी होती वायर. जुन्या चार्जरांचा अख्खा खण उपसला, तेव्हा कॅमेऱ्याला बसणारी एक सापडली. खुर्चीत मी बसले. ते मागे उभे राहिले. फोटो निवडले, कॉपी केले, लॅपटॉपवर आलेले एकेक उघडून पाहिले. कॅमेऱ्याच्या पोटात जागा कमी, म्हणून मोजकेच होते. बहुतेकांत वाकलेली मी, पदर खोचलेली, कपाळाला रंग लागलेला.

अख्खी रांगोळी एकाच फोटोत होती, कुणाच्या तरी स्टुलावर चढून काढलेली. मी बघतच राहिले. एक रेघ कुठे थरथरलेली नाही, एक रंग दुसऱ्यात शिरलेला नाही. छान काढते मी, अगदी छान. आणि कडेला मी उभी, हात कमरेवर, सगळा रस्ता आपल्या मालकीचा असल्यासारखी.

“तू मध्ये आलीस तेवढी,” ते हळूच म्हणाले. “मुकुल तुला कापून देईल. समितीला नुसती रांगोळीच हवी आहे.”

“कापायचं नाही,” मी म्हणाले. “रांगोळी काय डांबरातून उगवली? जिने काढली ती दिसू दे की.”

आणि फोटो होता तसा पाठवून दिला.