पोतंभर बयाबाई

मोटारसायकलचे मागचे शॉकअप बदलायला दोन माणसं लागतात. एकानं चाक वर धरायचं आणि दुसऱ्यानं बोल्ट सरकवायचा. मी ते काम एकट्यानं केलं, आणि हौस म्हणून केलं नाही. आमच्या कापडे गावात मेकॅनिक नव्हता, पोलादपूरच्या मेकॅनिकशी माझं एकदा चांगलंच वाजलं होतं, आणि घरातलं दुसरं माणूस म्हणजे माझी बायको बयाबाई शिमग्यापासून मुंबईला जाऊन बसली होती.

ती गेली कंबरेच्या दुखण्यापायी. आमची लेक प्रियदर्शिनी कळव्याला असते. तिकडे मोठे डॉक्टर, मोठी इस्पितळं. पंधरा दिवसांत येते म्हणून गेलेली बाई पावसाळा संपला तरी येईना. गावातल्या सोमाच्या दुकानात फोन यायचा. मी विचारायचो, "काय म्हनतात डॉक्टर?" ती म्हणायची, "कंबर हाय वो, दुसरं काय असायचं? तुमच्या गाडीनं दिलेली भेट."

हे बोलणं मला लागलं, कारण ते खरं वाटत होतं. गाडी जुनी, मागच्या शॉकअपमधलं तेल कधीच गळून गेलेलं. खड्डा आला की खालून ठाण्णकन आवाज यायचा, आणि मागून बयाबाई माझ्या पाठीत गुद्दा घालायची. खड्डा सरकारचा आणि गुद्दा मला. वीज मंडळात लाईनमन म्हणून जन्म काढला, विजेचे झटके खाल्ले, पण तिच्या गुद्द्याची गोष्ट वेगळी होती.

ती गेली आणि घर अक्षरशः खायला उठलं. मी काही हळवा माणूस नाही. पण भात शिजला की नाही हे विचारायलासुद्धा कुणी नसलं, म्हणजे माणूस कच्चाच खातो. रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशी मी भांडायला लागलो होतो. ती उलट उत्तर देत नसे, त्यामुळे त्यातही मजा येईना. मला बयाबाई घरी हवी होती. दुसरं काही नको होतं.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. "रविवारच्या पॅसेंजरनं येते," म्हणाली.

"मी वीर स्टेशनावर गाडी घेऊन येतो."

"नको. गाडीवर नाय बसायची मी. रिक्षानं येते म्हाडपर्यंत, पुढं यष्टी."

"अगो, नवे शॉकअप टाकतो. गॅसचे."

"गॅसचे? शेगडीसारखे?" ती हसली. हसता हसता तिला खोकला आला, बराच वेळ आला. मग म्हणाली, "बरं, बसून बघते. पन वाटेत कळ आली, तर त्याच पावली माघारी फिरीन. आधीच सांगून ठेवते."

ते ती चेष्टेत बोलली असेल. मी ते पैज समजून घेतलं. वीर ते कापडं एवढा रस्ता तिच्या कंबरेला न कळता पार पडला की बयाबाई राहिली, नाहीतर गेली. माझ्या डोक्यात हिशेब इतका सरळ बसला होता.

महाडला सईदभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यांनी कपाटावरून खोका काढला. "हे तुमच्या गाडीचे नव्हेत, मोठ्या गाडीचे आहेत," म्हणाले. "थोडी घासाघीस करावी लागेल. पण बसले की वहिनींना पाळण्यात बसल्यासारखं वाटेल." मग त्यांनी स्प्रिंगच्या खालची कडी दाखवली. कडीला पाच खाचा होत्या. आकड्यासारखा वाकडा एक पाना लावून कडी फिरवली की स्प्रिंग दाबली जाऊन कडक होते, उलटी फिरवली की नरम. "एकटे असाल तेव्हा पहिली खाच. डबल सीट असाल तेव्हा चौथी. पाचवीच्या नादी लागू नका, ती ओझी वाहणाऱ्यांची."

"आम्ही दोघंच," मी म्हटलं. "चौथी."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी डबल स्टँडवर लावली आणि कामाला बसलो. वरचे बोल्ट सुटले. खालचे मात्र गंजून दगड झालेले. रॉकेल ओतलं, वाट बघितली, हातोडी घातली, शिव्या घातल्या. शेवटी पान्यात पाइप अडकवून त्यावर उभा राहिलो, तेव्हा पहिला कुरकुरत सुटला. जुना शॉकअप हातात घेऊन दाबला तर तो दाबला गेला आणि तसाच राहिला, परत वर यायचं नावच नाही.

नव्याचं भोक मोठं निघालं. घरात लोखंडी पाइपचा तुकडा होता, तो कापून, कानस मारून त्याचा भोकात बसणारा बुश केला. इथवर ठीक. पण नवे शॉकअप बोटभर लांब होते. वरचं टोक बसवलं की खालचं भोक बोल्टासमोर येईना. आता चाक थोडं खाली दाबायला हवं आणि त्याच वेळी बोल्ट आत जायला हवा. पूर्वी असलं काही असलं की बयाबाई पदर खोचून यायची. "दाबू काय?" विचारायची, आणि मी हो म्हणायच्या आधीच दाबायची. मी सवयीनं म्हटलं, "दाब गो." अंगणात कोंबड्या होत्या, त्यांनी मान वाकडी करून बघितलं.

मग चाकाच्या आऱ्यांतून पहार घातली, तिच्या टोकावर पाय दिला आणि वाकून बोल्ट सरकवला. पाय निसटला, पहार नडगीवर आली. पुन्हा पाय दिला. दुपारी कधीतरी दोन्ही बाजू बसल्या. मी नडगी चोळत गाडीकडे बघत बसलो. कुणाला तरी दाखवावंसं फार वाटत होतं.

पण नुसते बसवून काय उपयोग? मागे बयाबाई बसल्यावर ते कसे चालतात हे कळायला हवं होतं, आणि बयाबाई कळव्याला. तेव्हा मला पोतं आठवलं.

त्याचं असं झालं होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं कोंडाजीच्या गिरणीवर भात घेऊन गेलो होतो. तिथं दोन पारड्यांचा मोठा काटा टांगलेला असे. एका पारड्यात आमचं भाताचं पोतं चढवलं आणि मी चेष्टेनं म्हटलं, "वजनं कशाला शोधतोस कोंडाजी, दुसरीकडं हिला बसव." दुसरी बाई रागावली असती. बयाबाई पदर सावरून सरळ पारड्यात जाऊन बसली. काटा थोडा हलला आणि मधोमध थांबला. गिरणीतली सगळी माणसं हसली. तेव्हापासून आमच्या घरात पोतं म्हटलं की बयाबाई आणि बयाबाई म्हटली की पोतं.

म्हणून मी यंदाच्या भाताचं एक पोतं ओढत आणलं, मागच्या सीटवर उभं केलं आणि दोराने माझ्याच कमरेला बांधलं. नवे शॉकअप दोन बोटं खाली बसले आणि तिथंच थांबले. चौथी खाच म्हणजे चौथी खाच. शेजारची बनुबाई कुंपणाशी आली. "दत्ताराम, कोनाला घेऊन चाललास रे?"

"तुझ्या वहिनीला."

"मुंबईत जाडी झाली वाटतं," म्हणत ती हसत आत गेली.

पोलादपूरपर्यंत गेलो आणि आलो. खड्ड्यांत मुद्दाम घातली. ठाण्णकन काही वाजलं नाही, गाडी नुसती मान डोलवल्यासारखी खाली जाई आणि वर येई. पुलाजवळच्या मोठ्या खड्ड्यानंतर मी मान न वळवता विचारलं, "लागलं काय गो?" पोतं गप्प. गप्प बसणारी बयाबाई मला काही आवडली नाही, पण रविवार जवळ आला होता.

रविवारी पॅसेंजर उशिरा आली. बयाबाई उतरली ती अंगावर स्वेटर, त्यावर शाल, वर पदर. चेहरा गोल, भरलेला. मला बरं वाटलं. म्हटलं, "लेकीनं चांगलं खाऊ घातलेलं दिसतंय. पोत्याचं दीड पोतं झालं की!"

"तुमची नजर कदी सुधारायची नाय," ती म्हणाली. गाडीकडे बघून म्हणाली, "हेच काय ते गॅसवाले?"

मी ते तिला दोन्ही बाजूंनी दाखवले. बुश दाखवला, नडगीही दाखवली. ती सगळं नीट बघत होती, आणि मी इतका खूश होतो की तिनं स्टेशनच्या खांबाला हात टेकवलाय हे बघूनही मला काही वाटलं नाही. पिशवी पुढे अडकवली, गाडी चालू केली आणि पाय टेकवून थांबलो. ती बसेल म्हणून वाट बघत राहिलो.

"बस गो. बसलीस काय?"

"कवाची बसल्ये," मागून आवाज आला.

मी मान वळवली. ती खरंच बसली होती. गाडी खाली गेलीच नव्हती.

शॉकअप नवे आहेत, जरा ताठ असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि निघालो. पहिल्या खड्ड्यात गाडी डोलली नाही, उडाली. मागे ती सीटवरून सुटून परत आपटल्याचं मला कळलं. मी गुद्द्याची वाट बघितली. गुद्दा आला नाही. तिनं नुसती माझ्या शर्टाची मूठ घट्ट केली. दुसऱ्या खड्ड्यात बारीकसं "आई" ऐकू आलं. तिसऱ्यात तेही नाही. महाड मागे पडलं. हायवेच्या कडेला सावली बघून मी गाडी थांबवली.

"उतर जरा," म्हटलं. "खाच बदलतो."

ती दगडावर बसली. मी गाडी डबल स्टँडवर लावली, आकड्याचा पाना काढला आणि दोन्ही बाजूंची कडी चौथीवरून दुसरीवर आणली. तिला पुन्हा बसवलं आणि मीही बसलो. गाडी जेमतेम बोटभर खाली गेली. मागे पूर्वीची बयाबाई असती तर दुसऱ्या खाचेवर शॉकअप पार खाली टेकले असते. मी उतरलो. पाना हातातच होता.

"डाक्टर काय म्हनले?" मी विचारलं. "कंबर सोडून सांग."

ती शाल सारखी करत राहिली. मग म्हणाली, "कंबर नव्हतीच वो ती. आतलं दुखनं हाय. पसरलंय."

"आनी फोनवर मला गाडीची भेट म्हनून सांगत व्हतीस?"

"तुमी खांबावर चढताना कंची लाईन चालू हाय ते मला सांगून चढायचे काय?"

एक ट्रक गेला, तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली.

"तोंड गोळ्यांनी सुजलंय," ती म्हणाली. "आता औषद नाय म्हनाले. प्रिया सोडत नव्हती, भांडून आल्ये. माघारी नाय जायाची मी आता. झालं समाधान?"

मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. रस्त्यानं जाणाऱ्या यष्टीतली माणसं बघत होती, बघू देत. ती उठून आली, माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. तो मला जाणवला न जाणवला. "चला," म्हणाली, "अंधार पडायच्या आत घर गाठू. ती खाच काय ती करा एकदाची."

मी दोन्ही कड्या पहिल्या खाचेवर आणल्या. आम्ही बसलो. गाडी दोन बोटं खाली गेली आणि थांबली, अगदी हवी तशी. पुलाजवळचा मोठा खड्डा आला तेव्हा मी गाडी हळू केली.

"लागलं काय गो?"

"नाय," ती माझ्या पाठीला डोकं टेकून म्हणाली. "पाळन्यात बसल्यासारखं वाटतंय."

घरी आल्यावर ओट्यावरचं पोतं तिनं बघितलं. त्याला अजून दोर बांधलेला होता. हे काय म्हणून तिनं विचारलं नाही. जाता जाता त्यावरून हात फिरवला आणि चुलीपाशी गेली.

पुढच्या शिमग्याची होळी पेटायच्या आत बयाबाई गेली. दिवसकार्य झालं, प्रियदर्शिनी कळव्याला परत निघाली, तिला मी वीरला सोडून आलो. परतताना मागे कुणी नव्हतं. एकटा म्हणजे पहिली खाच, म्हणून मी गाडी थांबवली, आकड्याचा पाना काढला आणि शॉकअपजवळ वाकलो. मग तसाच उठलो आणि पाना परत ठेवून दिला. गाडी आधीच एकट्यासाठी लावलेली होती.