दुसऱ्या खेपेचे उंदीर

२००४ च्या उन्हाळ्यात अक्षताच्या पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू होतं आणि ती थकली होती. राधानगरीच्या जंगलातल्या एका झुडपाच्या मुळीचा अर्क काढायचा, तो उंदरांना पाजायचा आणि त्यांच्या मांडीवरची कॅन्सरची गाठ मोजायची, हे तिचं काम. सकाळी कसबा बावड्याहून बसनं कॉलेजला यायचं, संध्याकाळी अंगाला उंदरांचा वास घेऊन परत जायचं. आई विचारायची, "संपत आलं का गं?" अक्षता 'व्हय' म्हणायची आणि जेवून आडवी व्हायची.

प्राणिघर जोतीराममामा सांभाळायचे. पिंजऱ्यातला भुसा बदलणं, पाणी, खाणं, औषधं पाजणं, अठरा वर्षं हेच. अक्षताचा अर्कही तेच पाजायचे. त्यांच्या मुठीत उंदीर कधी धडपडायचा नाही. अक्षता गाठ मोजून आकडा सांगायची, मामा वहीत लिहायचे. पहिल्या खेपेला अर्क पाजलेल्या सहा उंदरांच्या गाठी खरंच बारीक झाल्या, तेव्हा ती हरखून म्हणाली होती, "मामा, गुण येतोय बघा!"

"येतूयाच की. माझ्या बोटास्नी बी कळतंय."

पण सहा उंदरांवर कुणी विश्वास ठेवत नाही. तिच्या गाईड सरांनी तेच सगळं तीस उंदरांवर पुन्हा करायला सांगितलं. त्यात तीन महिने गेले. फ्रिजमधल्या बाटलीतला अर्क हिशेबापेक्षा लवकर संपत होता. अक्षताला वाटलं, आपलंच माप चुकतंय. मामा दुपारी भाकरीऐवजी ताक-भात खायला लागले होते, तोंडाला रुमाल बांधून वावरत होते. तिनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "दाढ दुखतीया." तिनं पुढं विचारलं नाही. तेवढं त्राणच उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये शेवटची मोजणी झाली. अक्षतानं आकडे दोनदा तपासले आणि पेन खाली ठेवलं.

"काय फरक न्हाई, मामा. अर्क पाजलेले आणि न पाजलेले, सगळे सारखेच."

मामा पिंजऱ्याचं दार लावत होते, ते तसेच थांबले. "म्हंजे पयलं खोटं व्हतं?"

"खोटं न्हवतं. थोडे उंदीर असले की कधी कधी असं उगाचच दिसतं."

त्यांनी कडी घातली. मग त्यांनी रुमाल सोडला. डावा गाल सुजला होता, जबड्याखाली सुपारीएवढी गाठ होती.

"तुमच्या बाटलीतनं रोज एक झाकण घेतूया, ताई. तीन म्हैनं झालं."

"डॉक्टरला दावलं न्हाई?"

"गेलतो की. तुकडा काढून तपासला आन् जबडा कापाय लागंल म्हणालं. मला वाटलं, आपल्याकडं औषध हाय. मीच पाजतूया, मीच बघतूया. मग कशाला कापून घ्यायचं?"

ती स्टुलावर बसली. मग उठली, हात धुतले आणि मामांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांना तिनं सगळं सांगितलं, 'गुण येतोय' म्हटलेलंही. ते एवढंच म्हणाले, की वेळेवर आले असते तर कमी कापावं लागलं असतं.

निरोप मिळून आलेली मामांची बायको चिमणाबाई बाहेर बाकावर बसली होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "तुमी शिकल्याली माणसं. त्यास्नी कशाला सांगिटलं, गुण येतोय म्हून?"

"चुकलं माझं, मावशी," अक्षता म्हणाली.

मामांचा अर्धा जबडा काढला. मग किरणांचा शेक घ्यायला दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. पुढचे सात महिने ते घरीच होते. इकडं प्रबंध लिहिताना सरांनी सुचवलं, पहिल्या खेपेवर भर दे, दुसरी दोन ओळींत उरक. अक्षतानं दोन्ही खेपांचे सगळे आकडे लिहिले आणि खाली लिहिलं, 'अर्काचा उपयोग सिद्ध होत नाही.' सर नाराज झाले, पण सही दिली. पदवी मिळाली त्या दिवशी आईनं पेढे वाटले. अक्षता दुपारभर झोपली.

मामा कामावर परतले, पण भुशाची धूळ नको म्हणून त्यांना गेटवर बसवलं होतं. अक्षता पदवीचे कागद न्यायला आली तेव्हा तिनं आधी तिकडं पाय वळवले. चेहरा एका बाजूला बसला होता. बोलणं जाड झालं होतं, दोनदा ऐकावं लागायचं.

"आता पुढं काय?"

"हुपरीच्या कॉलेजात शिकवायला लागतेय. उंदीर न्हाईत तिथं."

मामांनी मान हलवली. "पर ताई, पयल्या खेपंला गाठी बारीक झाल्या, मग दुसऱ्या खेपंला का न्हाई?"

"उगाचच दिसलं असंल, मामा. खात्रीनं म्हाईत न्हाई."

"कुणी बघणार हाय का?"

"पीएच.डी.ला नवीन मुलगी आलीय. सरांना विचारते."

हुपरीची बस सुटायला अजून तासभर होता. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मामांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिच्या हातात दिला आणि ते स्वतःचा पेल्यातून, अर्ध्या तोंडानं, हळूहळू प्यायला लागले.