सतरा गुण आणि एक शेरा

मी एक जुनं ओकच्या लाकडाचं पिंप आहे. खरं सांगायचं तर अर्धंच. दुसरा अर्धा भाग घराच्या पायऱ्यांच्या पलीकडे आहे आणि आम्हा दोघांच्या पोटात झेंडू फुललाय. मित्रांनो, हसू नका. माझ्या कमरेतून करवत फिरली त्याला दोन वर्षं झाली, पण तो धक्का अजून माझ्या फळ्यांतून गेलेला नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या केंटकीचा. कारागिरांनी फळ्या वाकवल्या, लोखंडी पट्टे आवळले आणि आतून मला जाळून काळं केलं. चार वर्षं माझ्या पोटात व्हिस्की मुरली. मग मला विकायला काढलं, तेव्हा विस्कॉन्सिनच्या एल्डन होल्ट्झने घेतलं. तो शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. त्याने मला गॅरेजात बर्फाच्या फावड्यांशेजारी बसवलं आणि घरी केलेली बीअर माझ्यात भरली.

कुठून तरी रानटी यीस्ट माझ्या लाकडात येऊन राहिलं होतं. वर्षभरात बीअर पार आंबट झाली. एल्डनचा चेहरा पडला.

"नासली गं, लोर्ना. ओतून देतो."

लोर्ना म्हणजे त्याची थोरली बहीण, शेजारीच राहणारी. तिने एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"नासलं असेल तुझं डोकं! आण इकडे तो ग्लास."

मित्रांनो, तेव्हा मला कोण आनंद झाला! त्यानंतर सहा वर्षं एल्डनने मला कधी रिकामं ठेवलं नाही. फक्त स्पर्धेत आमचं नशीब उघडेना. घरगुती बीअरच्या स्पर्धेत बाटलीवर कुणाचं नाव नसतं. अर्जात लिहिलेला प्रकार तेवढा परीक्षकांना सांगतात आणि ते तोच शोधत बसतात. आमची बीअर कुठल्याच प्रकारात बसत नव्हती.

शेवटच्या वर्षी लोर्नाने तिच्या झाडाचे वीस पौंड प्लम दिले. मुरल्यावर दोघं माझ्यावरच अर्ज ठेवून भांडायला बसली.

"फळांची बीअर, असं लिहितो," एल्डन म्हणाला.

"अरे, पण प्लम लागतोय कुठे? यीस्टने सगळा फस्त केला. नुसती आंबट बीअर म्हण."

"तू या वयात शिडीवर चढून तोडलेस, आणि मी त्यांचं नावही घेऊ नको? तोंड कसं दाखवू तुला?"

"रोजच दाखवतोस की."

एल्डन हसला नाही. "यंदा शेवटचं. यंदाही आपटलो तर या पिंपाच्या कुंड्या करतो."

मी हादरलो. माझं नाव निघालं ते फक्त कुंड्यांसाठी!

निकालाचा कागद आला. पन्नासपैकी सतरा. एल्डनने तेवढा आकडा वाचला, कागद घडी करून खिळ्यांच्या डब्यात कोंबला आणि शनिवारी करवत काढली. फळ्या दुभंगल्या तेव्हा इतक्या वर्षांचा वास गॅरेजभर पसरला. एल्डन क्षणभर थांबला, आणि पुन्हा कापू लागला.

आठवड्याने लोर्नाने डब्यातला तो कागद उघडला. गुणांखाली बारीक अक्षरात शेरा होता. 'प्लम कुठेच सापडला नाही. पण पिंपाच्या लाकडाची चव अप्रतिम आहे. ही बीअर लाकडात मुरलेल्या आंबट बीअरच्या प्रकारात पाठवा.'

"एल्डन!" ती पायऱ्यांवरून ओरडली. "हे वाचलं नव्हतंस तू?"

तिच्या कपाटात सहा बाटल्या उरल्या होत्या. तिने त्याच पुढच्या स्पर्धेला पाठवल्या. अर्जात 'खास घटक' या जागी प्लम नाही, 'ओकचं पिंप' म्हणून माझं नाव लिहिलं. गुण मिळाले पंचेचाळीस, आणि सगळ्या प्रकारांत पहिलं बक्षीस.

एक परीक्षक बाई मुद्दाम घरी आल्या. "ते पिंप दाखवा ना! जपलंय ना नीट? अशी चव यायला वर्षं लागतात हो."

एकाहत्तर वर्षांचा एल्डन त्यांना पायऱ्यांपाशी घेऊन आला. त्याने माझ्याकडे बोट केलं. बाईंनी झेंडू पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

मित्रांनो, तुम्हालाही कागदावर गुण मिळतील, तुम्हीही कुणाला द्याल. हातात करवत घेण्याआधी खालचा शेरा तेवढा वाचा. आमचं पदक एल्डनने माझ्याच पट्ट्याला टांगलंय. रोज सकाळी तो झारीने पाणी घालतो आणि हळूच म्हणतो, "चुकलो रे."