दोन पोरींवर एक सहा फुटी

“...खालची काढून टाका, अन् त्या दोघी पोरी आंधळगावले...” गेटपाशी लिलाधरभाऊंचं एवढंच ऐकू आलं आणि नेमका हायवेवरून ट्रक गेला. पुढचं राहिलं.

मी लाखनीच्या बास्केटबॉल मैदानावरची खालची रिंग बोलतेय. खालची म्हणजे मीच, म्हणून कान टवकारले. तसे ते रोजच टवकारलेले असतात.

मूळची मी डोमाच्या सायकलची मागची रिम. तलावातली मासोळी विकत तो माझ्यावर गावोगाव फिरायचा. तीन वर्षांपूर्वी त्याची पोरगी खुशी आणि तिची मैत्रीण रिंकू खेळायला लागल्या. वरची रिंग त्यांना झेपेना, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्या रत्नमालाताईंनी माझे स्पोक काढून मला खांबाला वेल्डिंग करून घेतलं. जाळी डोमाच्याच फाटक्या जाळ्याची.

संध्याकाळी उरलेलं कळलं. लिलाधरभाऊ क्लबचे अध्यक्ष. त्यांचा सगळा खेळ खुर्चीत. ताईंना सांगत होते, “आंधळगाववाले त्यायची सहा फुटी पोरगी देऊन राहिले, जानेवारीच्या स्पर्धेपुरती. बदल्यात खुशी अन् रिंकू कायमच्या. यंदा कप पाहिजे मले.”

“रोवणीचे पऱ्हे, रोपंच देऊन तांदळाचा कट्टा आणून राहिले तुम्ही, भाऊ,” ताई म्हणाल्या. “पुढच्या साली धानाच्या बांधीत काय लावसान?”

“पुढच्या सालचं पुढच्या साली.”

हा माणूस दरवर्षी हेच म्हणतो. तीन वर्षांत तीन उंच खेळाडू आणले. कप एकही नाही. हार घातलेले फोटो मात्र भिंतभर, आणि प्रत्येकात मधोमध हेच.

पोरीमागे एक कागद होता, त्यावर बापाची सही लागत होती. रिंकूच्या बापाने केली, पोरीला नवे बूट मिळणार होते. डोमाने कागद उलटसुलट पाहिला.

“खुशी, जासीन काय, बाई?”

“नाही.”

“झालं मंग,” डोमा म्हणाला, आणि त्याच कागदात लिलाधरभाऊंना पावभर मासोळी बांधून दिली.

एकाच पोरीच्या बदल्यात आंधळगाववाल्यांनी सहा फुटीला एकाच सामन्यापुरतं पाठवलं. तो जिंकला, फोटो काढला, दुसऱ्यात सपाटून हरले. मी पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही म्हणून त्याआधीच मला कापून काढलं होतं.

आता मी डोमाच्या अंगणात कडुनिंबाला टांगलेली आहे. गावात म्हणतात, दोघी गेल्याची उगाच अफवा होती. खरंय, एकच गेली. खुशी चेंडू हातात घेतला की अजून आधी डावीकडे बघते, पास द्यायला. तिथे डोमाच्या कोंबड्या असतात.

लिलाधरभाऊ, यापुढे एखादी सात फुटीही सापडेल तुम्हाला. तेव्हा बदल्यात मला द्या. मी काढलेलीच आहे.